साडेपाचचा टिप-ऑफ, सातचे पोहे

वॉच पार्टी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मोठ्ठा टीव्ही, चिप्सची पाकिटं, कोल्ड्रिंक्स आणि सोफ्यावर उड्या मारणारी गँग. क्रिकेट असेल तर हे सगळं ठीक आहे हो. पण तुमचा जीव बास्केटबॉलवर असेल आणि तुमचा पत्ता कोथरूडचा असेल, तर गणितच बदलतं. एनबीए फायनलच्या मॅचेस अमेरिकेत रात्री आठ-साडेआठला सुरू होतात. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच-सहा! त्यामुळे चिप्स बाद, पोहे इन. बिअर बाद, आलं घातलेला चहा इन. आणि ओरडायचं तर अजिबात नाही, कारण खालच्या मजल्यावर सज्जन माणसं झोपलेली असतात.

तरीही मी ठरवलं, पार्टी करायचीच. तारीख २३ जून २०२५, वार चक्क सोमवार. ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध इंडियाना पेसर्स, ३-३ अशी बरोबरी आणि सातवी, शेवटची मॅच. पालख्या नुकत्याच पुण्यातून पुढे सरकल्या होत्या, पाऊस चिडचिड करत होता आणि आमच्या शाळेच्या बास्केटबॉल टीमचा व्हॉट्सअॅप ग्रुप ‘हॅपी बर्थडे’पुरता उरला होता. मी फ्रीलान्सर. माझं ऑफिस म्हणजे डायनिंग टेबल आणि कलीग म्हणजे मिक्सर. आठवडाभर माणसं फक्त फोनवर भेटतात. म्हटलं, निदान एक सकाळ तरी जित्याजागत्या माणसांबरोबर काढू.

‘सोमवारी पहाटे? वेड लागलंय का?’ असे सात रिप्लाय आले. पण रविवारी रात्री त्याच सात जणींनी विचारलं, ‘गादी आहे ना एक्स्ट्रा?’ दोघी नवऱ्यांना घेऊन आल्या, एक जण लॅपटॉप घेऊन आली, कारण साडेनऊला हिंजवडीत मीटिंग.

आता थीमचं बघा. बाजारातून महागडं डेकोरेशन आणायची काहीच गरज नाही. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ शोधला, तेव्हा त्याने पीच फळांच्या टोपल्याच तर टांगल्या होत्या. त्यांना बूड होतं, त्यामुळे बास्केट झाली की कुणीतरी शिडीवर चढून बॉल काढायचा! मग मी मंडईतून फुलांची परडी आणली आणि तोरणाच्या खिळ्याला टांगली. बॉल म्हणजे मोज्यांचा गोळा. बास्केट करणाऱ्याने स्टुलावर चढून स्वतःच तो काढायचा, हा नियम. गोडाला मोतीचुराचे लाडू. आयता नारिंगी रंग! वरून वितळलेल्या चॉकलेटच्या चार रेघा ओढल्या की बास्केटबॉल तयार. आवाजाचा प्रश्न रुमालांनी सुटला. बास्केट पडली की ओरडायचं नाही, रुमाल फिरवायचा. अकरा माणसं एका वन बीएचकेमध्ये मुक्याने रुमाल फिरवताना काय दिसतात, ते एकदा बघाच.

आम्ही सगळे पेसर्सकडून होतो. का? तर ओळखीचे पाहुणे! ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएच्या टीम्स पहिल्यांदा भारतात खेळल्या, तेव्हा वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आलेल्या दोन टीम्स म्हणजे सॅक्रॅमेंटो किंग्ज आणि हेच पेसर्स. दोन्ही मॅचेस पेसर्सने जिंकल्या. पहिली तर ओव्हरटाइममध्ये, १३२-१३१. मुंबईत जिंकून गेलेली टीम म्हणजे आपलीच की!

या पार्टीत एकच माणूस येईल की नाही, याची खात्री नव्हती. आमची कॅप्टन. शाळेत ती पॉइंट गार्ड होती. पॉइंट गार्ड म्हणजे टीमचा मेंदू. कुणी कुठे पळायचं, पास कधी द्यायचा, हे ठरवणारा. ती राज्याच्या टीमपर्यंत गेली. एकोणिसाव्या वर्षी एका मॅचमध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, नऊ महिन्यांनी ती परत आली, पण गुडघा आला नाही. त्यानंतर तिने बास्केटबॉल हा शब्दच काढून टाकला. आता ती बँकेत आहे आणि सॉल्लिड हुशार आहे. पण टीव्हीवर मॅच लागली की चॅनेल बदलते. तिचा मेसेज आला होता, ‘फक्त पोह्यांसाठी येतेय.’ आली तीही थेट ओट्यापाशी. कांदा चिरत बसली, टीव्हीकडे पाठ करून.

मॅच जोरात सुरू झाली. पेसर्सचा पॉइंट गार्ड टायरीस हॅलिबर्टन. याच फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये त्याने ०.३ सेकंद उरलेले असताना बास्केट मारून १११-११० अशी मॅच काढली होती. आधीच पोटरी दुखावलेली, तरी तो उतरला आणि बघता बघता त्याने तीन थ्री-पॉइंटर टाकले. रुमाल गरगर फिरत होते. सहाच्या सुमारास त्याने बॉल घेऊन पुढे झेप घेतली आणि पडला. कुणी ढकललं नव्हतं, कुणी मध्ये आलं नव्हतं. जमिनीवर हात आपटत राहिला.

खोलीत एकदम शांतता. आणि ओट्यापाशी चिरण्याचा आवाज थांबलेला.

‘अकिलीस गेली,’ कॅप्टन म्हणाली. सुरी हातातच होती. ‘टाचेच्या वरची. धक्का न लागता असं पडलं ना, की बहुतेक तेच असतं.’ कॉमेंट्रीत अजून कुणी ठामपणे काही बोललेलं नव्हतं. नंतर कळलं, तिचं बरोबर होतं.

ती सोफ्याच्या हातावर टेकली आणि मग उठलीच नाही. पोहे शेवटी मी केले.

दुसऱ्या क्वार्टरला बेल वाजली. खालचे काका! हातात मॉर्निंग वॉकची काठी. आता बोलणी खायची, म्हणून मी तोंड बारीक केलं, तर काका म्हणाले, ‘अगं, फोडणीचा वास आला. एवढ्या सकाळी काय चाललंय?’ टेकडी राहिली बाजूला, काका खुर्चीत. ‘ते बोर्डावरचं छोटं घड्याळ कसलं गं?’ त्यांनी विचारलं आणि उत्तर कॅप्टनने दिलं. ‘काका, ते चोवीस सेकंदांचं. तेवढ्यात बास्केटकडे बॉल टाकायचाच. पूर्वी आघाडीवरची टीम बॉल नुसता धरून बसायची. १९५० मध्ये एक मॅच १९-१८ अशी संपली होती. मग १९५४ ला हा नियम आणला.’ काका म्हणाले, ‘आमच्या सोसायटीच्या मीटिंगला लावायला हवं हे.’ आम्ही सगळे फुटलो. रुमाल तोंडात कोंबून हसलो.

हाफटाइमला पेसर्स ४८-४७ असे पुढे. पंधरा मिनिटांत पोहे, चहा आणि पाच प्रश्नांची क्विझ. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये थंडरने ३४ पॉइंट्स केले, आमच्या पाहुण्यांनी २०. मेंदूच नाही म्हटल्यावर हात-पाय किती चालणार? हिंजवडीवाल्या रेनकोट चढवून निघाल्या, एकीने जाताना फोनवर मॅच लावली. शेवटी १०३-९१. शाय गिल्जस-अलेक्झांडरने २९ पॉइंट्स केले आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

सगळे गेल्यावर कॅप्टन कढई घासायला उभी राहिली. बँकेत उशिरा येणार म्हणून कळवलं होतं म्हणे. मी कप विसळत होते. मॅचच्या गप्पा चालल्या असतानाच ती म्हणाली, ‘त्याला निदान माहीत होतं गं. पोटरी दुखतेय, खेळलास तर काय होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं असेल. त्याने ठरवलं आणि उतरला. माझा गुडघा दोन आठवडे दुखत होता. क्रेप बँडेज गुंडाळलं आणि म्हणाले, जा, खेळ. मला कुणी विचारलंच नाही.’

दहा वर्षांत हे तिने पहिल्यांदा सांगितलं. आम्ही सगळ्या समजत होतो की तिला खेळायला मिळत नाही, याचं दुःख आहे. ते होतंच. पण खरा राग न विचारण्याचा होता. मी काहीच बोलले नाही. तिने कढई पालथी घातली, हात पुसले, सोफ्यावरचा मोज्यांचा गोळा उचलला आणि दारापाशी न जाता तिथूनच टाकला. थेट परडीत. मग नियमाप्रमाणे स्टुलावर चढून काढलाही. उतरताना डावा पाय जपून टाकला, तेवढंच.

पुढे हॅलिबर्टनने लिहिलं की पुन्हा वेळ आली तर तो पुन्हा खेळेल. २०२५-२६ चा पूर्ण सीझन त्याला बाहेर बसावं लागणार, हेही टीमने जाहीर केलं. ती बातमी मला कॅप्टननेच फॉरवर्ड केली. खाली एकच ओळ, ‘घाई करत नाहीयेत, बरं आहे.’

तर मंडळी, तुम्हालाही करायची असेल अशी पार्टी, तर फंडा साधा आहे. इंटरनेट आदल्या रात्रीच तपासा. अकरा जणांना सव्वा किलो पोहे पुरतात, पण खालचे काका धरून दीड किलो भिजवा. शेजाऱ्यांना एक लाडू आधीच पोचवा. ऑफिसला ‘थोडा उशीर होईल’ हे रविवारीच कळवून टाका. आणि ग्रुपमधल्या ज्या मैत्रिणीने खेळणं कधीचंच सोडलंय ना, तिला आवर्जून बोलवा. मॅच बघायला ये, असं म्हणू नका. पोहे खायला ये म्हणा. आणि बोर्डावर घड्याळ कितीही धावत असलं, तरी ती बोलायला लागली की तिला चोवीस सेकंदांचा नियम लावू नका.