करवंदांना जाणे

महाडजवळच्या वीरच्या आसपासच्या वाड्यांमध्ये कुणी करवंदं आणायला जात नाही, करवंदांना जातात. ‘उद्या करवंदांना येतेस काय गो?’ अशी हाक परड्यापलीकडून येते. पाण्याला जायचं, लाकडांना जायचं, देवाला जायचं, तसंच करवंदांना. त्या एवढ्याशा ‘ना’मध्ये अख्खी सकाळ मावते. उन्हं चढायच्या आत निघणं, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, हातातला कडीचा डबा, दासगावच्या खिंडीकडची उघडी टेकाडं आणि परतताना ओरखडलेले हात. करवंदं बाजारातून आणता येतात. करवंदांना मात्र स्वतःच्या पायांनी जावं लागतं. रानफळांच्या शब्दांचं मला वेड लागलं ते असल्या बारीक प्रत्ययांमुळे.

प्रत्येक फळाला हात लावायची रीत निराळी आणि त्या रीतीचं क्रियापदही निराळं. करवंद खुडायचं. जांभूळ वेचायचं, कारण जांभळीची फांदी दिसायला जाड असली तरी कचकन मोडते, आणि त्या झाडावरून पडून हात मोडल्याची एखादी तरी गोष्ट दर वाडीत असते. चिंच झोडपायची. बोर हलवायची. फणस उतरवायचा, जमल्यास दोर लावून, आपटू न देता. आंबाही उतरवायचाच, झेल्याने, देठासकट, म्हणजे त्याचा चीक फळावर ओघळत नाही. ‘आम्ही झाडावर चढून जांभळं तोडली’ असं कुणी म्हणालं की म्हातारी माणसं मान वर करून बघतात. त्यांना लगेच कळतं की हे पोर जांभळीखाली कधी बसलेलं नाही. ही नेमकी निवड शाळेत कुणी शिकवत नाही. ती दुखापतींतून आणि सवयीतून जिभेवर येते, म्हणून मला ती कोशातल्या अर्थापेक्षा मोलाची वाटते.

करवंदीला झाड म्हणत नाहीत, जाळी म्हणतात. माणसाएवढी उंच, आत काळोख, बाहेर जोडीजोडीने उगवलेले काटे. जाळी हा शब्द आमच्याकडे फळाच्या ओढीने जितका उच्चारतात तितकाच भीतीनेही. जाळीत ससा असतो, रानडुक्कर असतं, एखाद्या वेळी बिबट्याही असतो. म्हणून आधी आत दगड टाकायचा, ओरडायचं आणि मग हात घालायचा. शिमग्याच्या सुमाराला या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि वाटेने चालताना गोड वास सोबत येतो. चैत्रात हिरवी करवंदं लोणच्याला, वैशाखात काळी खायला. पिकलेलं करवंद तोंडात टाकायच्या आधी नखाने फोडायचं आणि शेजारच्याला विचारायचं, ‘कोंबडा की कोंबडी?’ आत लालभडक निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. हरेल त्याने आपलं करवंद द्यायचं. सह्याद्रीच्या कडेने किती पिढ्यांची पोरं हा खेळ खेळत आली आहेत. मला मनापासून वाटतं की हा खेळ काढणारी कुणी शहाणी आई असणार. खेळाच्या निमित्ताने प्रत्येक फळ उघडून बघितलं जातं, आणि आत अळी असली तर तीही दिसते.

करवंदाचा चीक ओठांना चिकटतो, म्हणून आजी बोटभर खोबरेल ओठांवर फिरवूनच आम्हाला सोडायची. वनस्पतिशास्त्र करवंदीला कण्हेर आणि चाफा यांच्या कुळात बसवतं. तिघांनाही देठापाशी मोडलं की पांढरं दूध येतं. कण्हेर विषारी, करवंद गोड, आणि दूध दिसायला सारखंच. हे नातं कळलं तेव्हा आजीच्या खोबरेलाबद्दलचा माझा आदर वाढला. जांभूळ हे लवंगेच्या जवळच्या नात्यातलं आहे, तोरण बोरीच्या, आणि अळूचं झाड कॉफीच्या कुळातलं. आंबा, काजू, बिब्बा आणि चारोळी ही तर एकाच घरची चार भावंडं. चीक उतून अंगावर फोड कसे येतात, हे त्या घराने कोकणाला पुरेपूर दाखवलं आहे.

तोरणं करवंदांच्या पुढेमागेच येतात. मण्यांसारखी पांढरी, पिठूळ, फार चव नसलेली, तरी मुठीमुठीने खावीशी. घाटापलीकडच्या तोरणा किल्ल्याचं नाव या झुडपांवरून पडलं, असं लोक सांगतात. दाराला बांधायचं तेही तोरणच. पण घरात हे नाव निघालं की कुठलं ते कुणाला विचारावं लागत नाही. अळूचंही तसंच. पावसात अळू म्हणजे पानं, फदफद्यासाठी. पाऊस तोंडावर आला की अळू म्हणजे फळ, छोट्या चिकूसारखं तपकिरी, आत मऊ गर आणि कठीण बी. ‘आज अळू आणलंय’ म्हणणाऱ्याचा महिना कळला की अर्थ कळतो. आमच्याकडची भाषा अशी पंचांग धरून चालते. आणि हे सगळं येतं ते नेमकं जुनं भात कणगीच्या तळाशी गेलेलं असताना, नवं पेरायचं असताना. हातावर पोट असलेल्या घरांत या दिवसांत पोरं रानात असत आणि संध्याकाळी भूक मारून परतत. त्या घरांमध्ये करवंद हा लाडाचा खाऊ नव्हता.

रातांब्यापाशी मात्र थांबायला हवं. एवढ्या नावांनी क्वचितच कुठलं फळ माणसाच्या घरात वावरत असेल. झाडावर असतो तो रातांबा. साल काढून, रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात सुकवली की ती सोलं किंवा आमसुलं. मीठ घातलेला रस म्हणजे आगळ. सोलकढीला घाईत तोच कामी येतो. साखर घालून ठेवलं की कोकम सरबत. उरलेल्या बिया कुटून, उकळून वर येणारं तेल थंड झालं की मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात, ते मुठेल. थंडीत पायांच्या भेगांना तेच लावायचं. तळकोकणात आणि गोव्यात याच फळाला भिरंड म्हणतात आणि तेलाला भिरंडेल. एकच झाड फळीवरच्या बरणीत, बाटलीत, ताटात आणि झोपताना टाचांवर निरनिराळ्या नावांनी पोचतं. प्रत्येक नावामागे कुणाच्या तरी बोटांचं काम आहे, बहुतेक वेळा बायकांच्या. आमसूल म्हणताना मला वैशाखातली अंगणं आठवतात, जांभळ्यालाल पाण्याने रंगलेली, आणि कोपरापर्यंत रंगलेले हात. त्या रंगाने साड्यांच्या दुकानातही जागा मिळवली. आमसुली हा शब्द तिथे जांभळ्याच्या, डाळिंबीच्या, अंजिरीच्या शेजारी आजही ऐकू येतो.

स्वयंपाकघरात फळं मापंही होतात. ‘बोराएवढा गूळ टाक’, ‘लिंबाएवढी चिंच भिजत घाल’, ‘आवळ्याएवढा गोळा घे’. वजनकाटा नसलेल्या घरात हे पुरतं, कारण बोर सगळ्यांच्या हाताला माहीत असतं. टपोऱ्या डोळ्यांच्या मुलीला भोकरासारख्या डोळ्यांची म्हणायचं. त्याच भोकराच्या चिकट गराने पोरं पतंग चिकटवत. दिसेनासा झालेला माणूस उंबराचं फूल होतो, कारण उंबराची फुलं फळाच्या आतच मिटलेली असतात आणि चिमुकल्या कीटकांशिवाय कुणाला दिसत नाहीत. आणि फार बढाई मारणाऱ्याला ऐकवायचं, ‘ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी’.

1993 साली रोह्याहून कोकण रेल्वेचा रूळ वीरपर्यंत आला. महाडचा चाकरमानी त्याआधीही मे महिन्यात यायचा, एसटीने, आणि जाताना करवंदांचा डबा मांडीवर घेऊन मुंबई गाठायचा. स्टेशन झाल्यावर रानफळंही गाडीला लागली. टोपलीत पानं पसरून, वर ओलं फडकं घालून कातकरी बाया बसलेल्या असतात. विकणं वजनावर नसतं, वाट्यावर असतं, नाहीतर पानाच्या द्रोणावर. कातकरी हे नावच मुळी झाडाशी बांधलेलं आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. खैरांची ती कामं गेली, जमीन त्यांच्या नावावर फारशी कधी नव्हतीच, राहिलं ते रानाचं ज्ञान. कुठल्या जाळीचं करवंद आंबट, कुठल्या ओढ्याकाठची लेंडी जांभळं आधी पिकतात, कुठलं फळ दिसायला सुंदर पण तोंडात घालायचं नाही, हे त्यांना विचारावं. एकदा एका मावशीच्या टोपलीत मला बारीक, तांबूस, अनोळखी फळं दिसली. नाव विचारलं तर ती म्हणाली, ‘खाऊन बघ आधी. नाव मागनं.’ मी खाल्लं. तुरट, शेवटी किंचित गोड. मग तिने नाव सांगितलं, आणि ते झाड कुठे आहे, फळ किती दिवस टिकतं, ते खाऊन वर पाणी का प्यायचं नाही, हेही सांगितलं. तिच्या लेखी एवढं सगळं मिळून ते नाव होतं.

रानमेवा हा शब्द छान आहे, गोड आहे. मेवा फारसीतून आला, त्यात बदाम-पिस्त्यांची श्रीमंती आहे, आणि तिला रान जोडल्यावर एक ऐट येते. पाट्यांवर, वर्तमानपत्रांत तो शोभतो. पण आमच्या घरात मी तो कधी ऐकला नाही. जो रोज करवंद, तोरण, अटक, धामण वेगवेगळं ओळखतो त्याला सगळ्यांना मिळून एक नाव देण्याची गरज पडत नाही. पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढला की महाबळेश्वर, आणि तिथली स्ट्रॉबेरी खोक्यांमधून खाली उतरते. तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, शेतकऱ्यांना तिने चार पैसे दिले आहेत, आणि हे चांगलंच झालं. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. फक्त आमच्याकडे अजून कुणी ‘स्ट्रॉबेरींना जातो’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

जाळ्या कमी होत आहेत, हे मात्र डोळ्यांना दिसतं. दर उन्हाळ्यात वणवे लागतात, काही आपोआप, बरेचसे लावलेले. करवंदी मुळातून पुन्हा फुटते, पण सलग काही वर्षं होरपळली की तिचाही दम जातो. डोंगर विकले जातात, सपाट होतात. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला तेव्हा कडेची जुनी झाडं गेली. त्यात रायवळ आंबे पुष्कळ. रायवळाचं प्रत्येक झाड बीपासून उगवतं, म्हणून प्रत्येकाची चव वेगळी, आणि म्हणून प्रत्येकाला स्वतःचं नाव. बिटकी, शेंदऱ्या, खोबऱ्या, गोटी. हापूस ही जात आहे. खोबऱ्या मात्र अमुक बांधावरचा, अमुक एकच.

मोजणीला माणसं आली तेव्हा आमच्या नात्यातल्या एका काकूंच्या बांधावरचा खोबऱ्या त्यांच्या यादीत ‘आंबा, गावठी, 1’ असा उतरला. काकू म्हणाल्या, ‘नुसता आंबा नका लिहू साहेब, खोबऱ्या लिहा.’ रकाना तसा नव्हता. तो तरुण भला होता. त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, का हो, एवढं काय त्यात? मग काकू सांगत बसल्या. ह्याची कैरी लोणच्याला घ्यायची नाही, मऊ पडते. ह्याला पाड उशिरा लागतो, रोहिणी सरता सरता. रस पातळ, पण साठं चांगली होतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने पहिला आंबा दिला तो ह्याचाच, आणि बजावलं की देठाकडून नको खाऊस, चीक राहतो.