टाकी

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही दोघे गेलो ते एका विद्यार्थ्याला समज देण्यासाठी. एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाचा हा मुलगा दोन महिने वर्गात दिसला नव्हता. परीक्षेला बसण्यापुरती उपस्थिती भरत नव्हती आणि विभागाचे पत्र आमच्या पिशवीत होते. ते टपालाने धाडता आले असते. परंतु प्रथम वर्षाला भाषाविज्ञानाच्या तासाला त्याने विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही अद्याप देणे लागत होतो.

पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी जिन्याचे काम चालू होते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर 2023 मध्ये झाले. शहर मात्र त्याआधीपासूनच अशा शेडमधून कापलेल्या, घासलेल्या सांगाड्यांवर वाढत आले आहे. आमचा विद्यार्थी टेबलावरच्या ग्राइंडरपाशी उभा होता. त्याने हातानेच 'थांबा' म्हणून खुणावले.

चाक फिरत होते, पण छिन्नीला धार येत नव्हती. त्याने ते थांबवून आम्हांला दाखवले. कडेवर झिलई चढली होती. "ग्लेज झालंय, सर. कण बोथट झाले की चाक कापत नाही, नुसतं घासतं. लोखंड तापून निळं पडतं." कोणी ॲल्युमिनियम घासले, तर तो मऊ धातू चाकाच्या छिद्रांत जाऊन बसतो; त्याला तो 'चोक होणे' म्हणाला. म्हणजे धार लावणाऱ्यालाच धार लावायची पाळी! त्याने दातेरी चकत्यांचे एक हत्यार घेऊन ते फिरत्या चाकावर दाबले. कर्कश आवाज, धुरळा, आणि झिलईखालचा खरखरीत, ताजा थर उघडा पडला. अधिक नेमक्या कामाला हिऱ्याच्या टोकाचा ड्रेसर वापरतात, असेही त्याने सांगितले. मग सहज म्हणाला, "आपल्याकडे पाट्याला टाकी लावतात ना मॅडम, तसंच हे."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो आणि दरवेळी मूर्तिकाराच्या छिन्नीपाशी थांबतो. दारावर हाळी देत येणारी, पाट्यावर अन् जात्यावर टाकीने खाचा पाडून देणारी बाई आमच्या स्पष्टीकरणात कधी आलीच नाही. त्या घावांनी देवपण येत नसे. मिरची नीट वाटली जाई, इतकेच.

"कडक लोखंडाला मऊ चाक घ्यायचं," तो पुढे सांगत होता. हे आम्हांला उलटे वाटले. मऊ म्हणजे कण मऊ नव्हेत, तर त्यांना धरून ठेवणारा बंध सैल. बोथट कण वेळेवर निखळतो आणि मागचा धारदार कण पुढे येतो. हातातल्या यंत्राची पातळ कटिंग चकती तर अशीच झिजत जाते. तिला कोणी धार लावत बसत नाही. तिच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, हे आम्ही प्रथमच पाहिले.

"ग्लेज, चोक, बाँड, ड्रेसर. मी सगळे शब्द वहीत लिहिलेत. पण यात मराठी किती आहे, सर? लघुप्रबंधाला चालेल का?"

फळीवर एक हिरवे चाक होते. आम्ही त्याला कुरुंदाची गोष्ट सांगितली. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्. तिकडूनच इंग्रजीत कोरंडम. 1890 च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले आणि ते कार्बन व कोरंडम यांचे संयुग आहे अशा समजुतीने त्याला कार्बोरंडम म्हटले. समजूत चुकीची होती, नाव टिकले. तेच द्रव्य त्या हिरव्या चाकात होते. त्याने लोखंडी चॅनेलवर खडूने 'कुरुंद' लिहून ठेवले.

पत्र द्यावेच लागले. त्याने ते वाचून घडी घातली, खिशात ठेवले. "जिना आज रात्रीच जायचाय," म्हणाला आणि गॉगल डोळ्यांवर ओढला.

प्राचार्यांकडे आम्ही अर्ज केला आहे. शेडमधले ते शब्द क्षेत्रकार्य म्हणून उपस्थितीत धरावेत, अशी विनंती आहे. अशी तरतूद नियमात नाही, हे आम्हांला ठाऊक आहे.