कृष्णाकाठी तारामासा नाही

आमचा जन्म साताऱ्याचा, नोकरी सांगलीची. दोन्हीकडे कृष्णाच, त्यामुळे पाणी म्हणजे गोडे, हीच घरातली समजूत. गेल्या मे महिन्यात रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुळणीवर धाकटीला ओहोटीत पाच हातांचा एक जीव सापडला. "बाबा, आकाशकंदील!" म्हणून तिने आरोळी ठोकली.

तो तारामासा. मराठीच्या मास्तराला या नावाचा राग यायचाच. हा ताराही नव्हे नि मासाही नव्हे! कणा नाही, पर नाहीत, मेंदूसुद्धा नाही. अंगातल्या नळ्यांतून समुद्राचेच पाणी खेळते आणि त्याच्या दाबावर शेकडो चिमुकले पाय चालतात. जगात याच्या सुमारे १९०० जाती. त्यांतल्या कित्येक शिंपला उघडून स्वतःचे पोटच बाहेर काढतात, ते शिंपल्यात सारतात आणि तिथल्या तिथे जेवण पचवतात. (पंगतीत अशी सोय असती तर आग्रहकऱ्यांची पंचाईत झाली असती.) वाळूतल्या जातीला हे साधत नाही, ती लहान शिंपले अख्खे गिळते. मत्स्यालयात काचेवर चढणारे तारामासे पायांतल्या चिकट रसाने धरून राहतात, ती करामतही हिच्याकडे नाही. हिचे पाय टोकदार, वाळू उकरण्याचे.

सौ.ने लोणच्याची रिकामी बरणी पुढे केली. धाकटीचा बेत ठरला होता : सांगलीला काचेची पेटी, पेटीत हा, आणि तो पाहायला सगळा वाडा!

मी तिला सांगितले, की या कुळातला एकही जीव जगातल्या कुठल्याच नदीत राहत नाही. बाहेरच्या पाण्याचा खारेपणा बदलला, की आतला सांभाळण्याची सोय याच्या शरीरात नाही. आपल्या कृष्णेच्या पाण्यात तो मरेल.

"मीठ घालू की!"

पेटीत मोजून समुद्री क्षार घालतात, हे तिला ठाऊक असावे. पण त्याला रोज जिवंत शिंपले सांगलीत कोण आणणार? ती रडली. बराच वेळ रडली. मग तिने त्याला उथळ पाण्यात ठेवले, तेही उलटे. एका हाताचे टोक वळले, चाचपडले, मग दुसऱ्याचे. काही मिनिटांत तो सुलटा झाला आणि बघता बघता वाळूत उतरला.

आंबा घाटात तिने विचारले, "त्याचा पुढचा हात कोणता?"

पुढचा असा नसतोच. जो निघेल त्याच्यामागून बाकीचे चार जातात.