आता मी खालून चढतो

महाबळेश्वरच्या आर्थरसीटवरून ढवळे घाटाने खाली उतरायचं, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. महाबळेश्वरात सकाळचा चहा, संध्याकाळी पोलादपूर तालुक्यातल्या ढवळे गावात मुक्काम. खरं सांगायचं तर या सल्ल्यामागे अभ्यास वगैरे काही नव्हता. हजार मीटरच्या वरचा चढ चुकवायचा होता, इतकंच.

मत फिरलं ते ढवळ्यातल्या एका वाटाड्यामुळे. कमरेच्या आकडीत कोयता, पायात साध्या रबरी चपला. कारवीत शिरताना सहज म्हणाला, "वरनं येनारा चुकतो दादा. खालनं जानारा चुकला तरी वरच जातो." तेव्हा मी हसलो होतो. पुढे नकाशा समोर घेऊन बसल्यावर पटलं. चढताना डोंगराच्या सोंडा एकमेकींना येऊन मिळतात. उतरताना त्याच सोंडेला फाटे फुटतात, प्रत्येक फाट्यावर एखादी ढोरवाट असते आणि ती नेमकी कड्याच्या तोंडाशी जाऊन संपते. मग मागे फिरायचं म्हणजे चढ आला. दमलेला माणूस तो टाळतो, आणखी थोडं खाली रेटतो आणि कातळात अडकतो. खालून निघालेल्याचं तसं नाही. पाणी संपलं, पाय लटपटले, तर माघारीची वाट उताराची.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनला खालून निघायचा हा पर्यायच नाही. तिथे दरी आधी उतरावी लागते, चढ शेवटी, तोही खालच्या उन्हातून. म्हणून एका दिवसात कोलोरॅडो नदी गाठून परत वर येऊ नका, असं तिथले लोक बजावतात. आपल्याकडेही महाबळेश्वरात उगम पावलेली सावित्री असाच डोंगर कापत कोकणात उतरते, कड्यांवर लाव्ह्याचे आडवे थर उघडे पडलेत. पण आपल्याला खालून सुरुवात करता येते, आणि ती सोय मी इतकी वर्षं हौसेने नाकारत होतो.

तेव्हा आता सांगतो ते असं. ढवळ्यात आदल्या रात्रीच पोचावं, उजाडायच्या आत निघावं. कोकणातला उकाडा चढायच्या आत पदर, म्हणजे डोंगराचा मधला सपाट टप्पा, मागे पडला पाहिजे. चंद्रगड त्याच दिवशी उरकायचा मोह नको. जावळीच्या मोऱ्यांचा तो किल्ला स्वतंत्र सकाळ मागतो. माणशी चार लिटर पाणी. वर ‘जोरचं पाणी’ नावाचा पाणवठा लागतो, पण त्याच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या करू नयेत. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. शिमग्यानंतर वाळलेल्या गवताखालचा घसारा पाय ठरू देत नाही. बूट चांगले असून काही उपयोग होत नाही. पावसाळ्यात तर नकोच. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं, ते याच डोंगररांगेत. मोबाइलमधला ट्रॅक असला तरी वाटाड्या घ्यावा आणि त्याच्या पैशांत घासाघीस करू नये. परत त्याला एकट्याला खाली जायचं असतं.

वर पोचल्यावर गाडीतून आलेले पर्यटक घामेजलेल्या माणसाकडे जरा विचित्र नजरेने बघतात, त्याचं काही वाटून घेऊ नये. तिथून महाबळेश्वरचा स्टँड मात्र बराच लांब आहे. जीप आधीच सांगून ठेवा, नाहीतर उरलेली डांबरी सडकही पायीच तुडवावी लागते.