झाडांना पाय नसतात!

मुलांनो, इमारतीच्या भिंतीवर उगवलेले पिंपळाचे रोप तुम्ही पाहिले आहे ना? आमच्या मीरा रोडच्या नया नगरात तर ते पाइपांच्या आडून हमखास डोकावते. इतक्या उंचावर ते लावले कुणी? कुणीच नाही! पक्षी पिंपळाची फळे खातात आणि बिया विष्ठेतून तिथे पडतात. झाडाला पाय नसतात. प्रवास करायचा तर कुणाच्या तरी पोटातून, नाहीतर गालातून!

गालातून? हो, अगदी खरे!

आमच्या गच्चीवरून पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. तिथे माकडे आहेत, पण मी सांगतोय ते माकड तिथे नाही. ते महाराष्ट्रातच नाही. त्यासाठी सह्याद्रीच्या रांगेने कारवारच्याही खाली, शरावती नदीच्या खोऱ्यापर्यंत जावे लागते. तिथून केरळ-तमिळनाडूपर्यंतच्या सदाहरित जंगलांत राहते सिंहपुच्छ माकड. जगात दुसरीकडे कुठेही ते रानात आढळत नाही.

अंग काळे कुळकुळीत, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. असा हा रुबाब! पण काम मात्र माळ्याचे. त्याच्या गालांत पिशव्या असतात. एका झाडावर फळे कोंबायची, दुसऱ्या झाडावर जाऊन निवांत खायची आणि बिया थुंकायच्या. झाली पेरणी! दाट जंगलात आईच्या सावलीत रोप सहसा वाढत नाही. बी दूर पडले, तरच त्याला संधी मिळते.

आता अडचण ऐका. हे माकड बहुतेक सारा वेळ झाडांवरच काढते. मध्ये रस्ता, चहाचा मळा किंवा धरणाचे पाणी आले की त्याची वाट संपते. माकड अडले की बियाही अडल्या! शिवाय मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, तेही काही वर्षांच्या अंतराने. आज रानात प्रौढ माकडे उरली आहेत जेमतेम अडीच हजार. आमच्या नया नगरातल्या काही इमारतींत मिळून याहून जास्त माणसे राहतात!

पण माणसाने मनावर घेतले तर? केरळमधील सायलेंट व्हॅलीत धरण होणार होते. शिक्षक, कवी, शास्त्रज्ञ विरोधात उभे राहिले. आपल्या मुंबईचे पक्षितज्ज्ञ सालिम अलीही त्यांत होते. धरण रद्द झाले आणि १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. तमिळनाडूतील वालपराईला रस्त्यावरून झाडांना जोडणारे झुलते पूल बांधले आहेत. माकडे त्यांवरून ये-जा करतात. २०१९ मध्ये शरावती खोऱ्यात तर याच माकडाच्या नावाने अभयारण्य झाले.

"इतक्या लांबच्या माकडाशी आपला काय संबंध?" असे म्हणाल. अहो, आमच्या नळाला येते ते उल्हास नदीचे पाणी, आणि तीही सह्याद्रीचीच लेक. डोंगरावर जंगल असेल तर पावसाचे पाणी मातीत मुरते, नदीला हळूहळू मिळत राहते. जंगल टिकवायला बिया पेरणारेही हवेतच ना!

म्हणून एवढे करा. सहलीला गेलात की माकडांना वेफर्स, बिस्किटे देऊ नका. खाऊच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. त्यांना झाडावरच राहू द्या. तिथे त्यांना भरपूर काम आहे!