फोटोंच्या तारखा

परवा रविवारी ठरवलंच, आज फोटो लावून टाकायचे. हार्ड डिस्कवर अकरा हजार फोटो, त्यातले निम्मे डबल! सॉफ्टवेअरला म्हटलं, तारखेप्रमाणे लाव. तर आई-बाबांच्या लग्नाचा १९७४ चा फोटो जाऊन बसला २०१९ मध्ये, लेकीच्या केकशेजारी. डिजिटल कॅमेरा फाइलमध्येच तारीख लिहून ठेवतो, त्याला एक्झिफ म्हणतात. जुन्या प्रिंटला ते कुठलं? स्कॅन केला तीच त्याची जन्मतारीख.

मग डबल फोटो उडवायला घेतले. 'सारखे' म्हणून दाखवलेल्या दोनातला बाबांचा एक उडवला, रीसायकल बिनही रिकामी केली. नंतर लक्षात आलं, त्या उडवलेल्यात बाबा हसत होते. उरलेल्यात नाहीत.

रात्री आईला फोन केला. म्हणाली, "अरे, अल्बम आहे की माझ्याकडे. मागे ह्यांनी पेन्सिलीने तारीखसुद्धा घातलीय." फोटोची मागची बाजू स्कॅन करायचं मला सुचलंच नव्हतं!

आता दर रविवारी आई फोनवर तारखा वाचते, मी टाइप करतो. एकेका फोटोला अर्धा तास लागतो, कारण प्रत्येकाची गोष्ट असते. असो. घाई कोणाला आहे?