सावत्र आईची गोष्ट

इतिहासाच्या तासाला मुले पेंगू लागली, की आम्ही हमखास एक गोष्ट काढीत असू. इजिप्तच्या हत्शेपसुत राणीची. पती दुसरा थुतमोस वारला. गादीवर सवतीचा अजाण मुलगा, तिसरा थुतमोस. राणीने राज्य सांभाळण्याच्या मिषाने तेच बळकावले, खोटी दाढी लावून ती सिंहासनावर बसली आणि मुलगा वीस वर्षे दातओठ खात राहिला. ती मरताच त्याने तिचे पुतळे फोडले, भिंतींवरील नाव छिन्नीने खरवडून काढले. कैकेयी मुलांना ठाऊक होतीच. तिलाच आम्ही नाईलच्या काठी नेऊन बसविले होते. वर्ग लगेच जागा होई.

निवृत्तीनंतर एका लग्नसमारंभात जुनी विद्यार्थिनी भेटली. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर हळूच म्हणाली, "सर, ती राणी खरंच एवढी वाईट होती का हो? मला सावत्र आईनेच वाढवलं. तुमची गोष्ट ऐकून मी त्या दिवशी घरी जेवले नव्हते." आम्ही काय उत्तर देणार? दोन शब्द पुटपुटलो आणि घरी येऊन पुस्तके उघडली.

आमची गोष्ट मोडायला फार वेळ लागला नाही. हत्शेपसुतने इ.स.पूर्व १४७९ ते १४५८ असा सुमारे वीस वर्षे कारभार केला. आरंभी ती सावत्र मुलाच्या वतीने राज्य पाहत होती. सातव्या वर्षापर्यंत तिने स्वतः राजपद धारण केले होते. पण मुलाला तिने ना मारले, ना अंधारकोठडीत टाकले. दोघांची नावे राजा म्हणून एकत्र कोरलेली आढळतात. तो मोठा झाल्यावर सैन्यात वावरत होता, असे अभ्यासक मानतात. ज्याचे राज्य लुबाडले, त्याच्याच हाती कोणी शस्त्र देईल काय? हा साधा प्रश्न आम्हांला इतक्या वर्षांत एकदाही सुचू नये!

आणि तो सूड? नाव खोडण्याचे काम तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी, थुतमोसच्या उतारवयात सुरू झाले, असे नाइम्स या अभ्यासकाने १९६६ सालीच दाखवून दिले होते. रागाने पेटलेला माणूस इतका थांबत नाही. शिवाय खोडले ते 'राजा' म्हणून कोरलेले रूप. 'राणी' म्हणून कोरलेली तिची चित्रे पुष्कळ ठिकाणी तशीच राहू दिली. स्त्री राजाची पत्नी असली तर चालत होते, राजा असलेली चालत नव्हती. आपल्या मुलाच्या वारसाहक्काला पुढे कोणी बाध आणू नये, म्हणून थुतमोसने हे केले असावे, असा कित्येकांचा कयास आहे. पुतळ्यांविषयी तर २०२५ साली प्रसिद्ध झालेले संशोधन म्हणते, की पुष्कळसे पुतळे मान, कंबर, गुडघे अशा ठराविक जागी तोडलेले आहेत. मृत राजांच्या पुतळ्यांची शक्ती काढून घेण्याची ती तिथली जुनी रीतच होती.

क्लिओपात्राचीही आम्ही अशीच वाट लावली होती. 'नाकाची राणी' एवढेच मुलांना सांगितले. ती इजिप्तची असली तरी कुळाने मॅसेडोनियाची ग्रीक. तिच्या घराण्याने जवळजवळ तीनशे वर्षे राज्य केले, पण प्रजेची भाषा शिकणारी त्यात तीच पहिली, असे प्लुटार्क लिहितो. तिचे रूप अतुलनीय नव्हते, बोलणे मात्र मोहक होते, असेही तोच सांगतो. इ.स.पूर्व ३२ मध्ये रोमने युद्ध पुकारले ते तिच्याविरुद्ध. अँटनीचे नाव त्यात मुद्दाम घेतले नाही. आपल्याच माणसाशी लढतो आहोत असे दिसू नये, म्हणून परकी बाई पुढे करणे सोयीचे होते. पुढे तिची कहाणी जिंकणाऱ्यांनी लिहिली, आणि आम्ही ती फळ्यावर उतरविली.

वास्तविक त्या भूमीतल्या साध्या बायकाही आम्हांला ठाऊक असायला हव्या होत्या. इजिप्शियन कायद्याप्रमाणे स्त्री स्वतःच्या नावे जमीन बाळगी, विकी, न्यायालयात फिर्याद करी. त्याच देशात ग्रीक कायद्याने व्यवहार करणाऱ्या स्त्रीला मात्र कोणी पुरुष पालक सोबत लागे. इजिप्तच्या बायका बाजारात जातात आणि पुरुष घरी विणत बसतात, हे पाहून हेरोडोटस चकित झाला होता. त्याचे चकित होणे आम्ही वर्गात हसण्यावारी नेले होते.

विद्यार्थिनीला आम्ही हे सारे पत्राने कळविले. पत्र लांबले, पण एक गोष्ट राहून जात होती, ती ताजा कलम म्हणून लिहिली. कर्नाकच्या मंदिरात हत्शेपसुतने अखंड ग्रॅनाइटचे दोन स्तंभ उभारले. खाणीतून काढण्याचे काम सात महिने चालले. त्यांतला एक अजून उभा आहे, उंची सुमारे तीस मीटर. थुतमोसच्या काळी त्याचा खालचा भाग बांधकामाने झाकला गेला, त्यामुळे तिथली अक्षरे शाबूत राहिली. पुढील काळी हे स्तंभ पाहणारे लोक आपल्याविषयी काय बोलतील, या विचाराने मनाची घालमेल होते, असे तिने त्याच्या पायथ्याशी कोरवून ठेवले आहे.